अठरा मिनिटांची भाकर



आज कोड्यापासून सुरुवात करू या. दोन भावंडं आहेत. दोघांचं पीठ एक, पाणी एक, परात एक आणि भट्टीसुद्धा एकच. पण भाऊ टम्म फुगून गोलमटोल झाला आणि बहीण राहिली चपटी. सांगा पाहू, भावात जास्तीचं असं काय आहे?

काय म्हणता? साखर? तूप? छे छे! भावात जास्तीची आहे ती फक्त हवा! भावाचं नाव पाव आणि बहिणीचं नाव बेखमीर भाकर. बेखमीर म्हणजे ज्यात खमीर नाही, जी आंबवलेली नाही अशी. या चपट्या बहिणीला मान देणारा एक सण आहे. त्या सणात आठ दिवस फुगलेल्या भावाला घरात पाऊल ठेवायची परवानगी नसते. आहे की नाही गंमत?

हा सण ज्यू लोकांचा. त्याला हिब्रू भाषेत ‘पेसाह’ म्हणतात आणि मराठीत ‘वल्हांडण’. आता तुम्ही म्हणाल, ‘ज्यू लोक कुठे दूर देशात राहतात, त्यांच्या सणाला मराठी नाव कसं?’ अरे, त्यांच्यातले पुष्कळ जण आपलेच, मराठी बोलणारे आहेत! त्यांना बेने इस्राएल म्हणतात. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी, की फार फार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. कोकणातल्या गावकऱ्यांनी त्यांना आसरा दिला. ते तिथलेच झाले. तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, त्यांच्या बायका लुगडं नेसू लागल्या. पण शनिवारी मात्र घाणा बंद! शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा आणि देवाचा दिवस. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. त्यांची आडनावंही गावांवरून पडली. पेणचे ते पेणकर, किहीमचे ते केहीमकर, चेऊलचे ते चेऊलकर. ‘बूट पॉलिश’ या १९५४ सालच्या चित्रपटातले प्रेमळ जॉन चाचा तुमच्या आजी-आजोबांना नक्की आठवत असतील. ते काम करणारे नट डेव्हिड हे याच चेऊलकरांपैकी!

१९४८ मध्ये इस्राएल देश स्थापन झाला आणि त्यानंतर बरेच बेने इस्राएल तिकडे गेले. आज भारतात ज्यू लोक काही हजारच उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक मुंबई-ठाणे, पुणे आणि रायगडच्या बाजूला राहतात. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. आपल्या नागपुरात हा सण सहसा पाहायला मिळत नाही. म्हणून म्हटलं, आज आपणच त्यांच्या घरी पाहुणे म्हणून जाऊ या.

आधी सणामागची गोष्ट ऐका. मिसर देशात, म्हणजे आजच्या इजिप्तमध्ये, ज्यू लोकांचे पूर्वज गुलाम होते. विटा पाडायच्या, ओझी वाहायची, चाबकाचे फटके खायचे. तिथल्या राजाला फारो म्हणत. देवाने मोशे नावाच्या एका मेंढपाळाला फारोकडे पाठवलं, ‘माझ्या लोकांना जाऊ दे’ म्हणून सांगायला. फारो म्हणाला, ‘नाही!’ मग मिसरवर संकट आलं. फारो घाबरून ‘जा’ म्हणाला. संकट टळलं, तसा लगेच शब्द फिरवला! असं एकदा नाही, दोनदा नाही, दहा संकटं येईपर्यंत चाललं. देश उद्ध्वस्त होत होता, प्रजा रडत होती, पण ‘मी राजा, मी कसा माघार घेऊ?’ हे काही फारोच्या डोक्यातून जाईना. यालाच तर आपण म्हणतो ना, गर्वाचे घर खाली! शेवटचं, दहावं संकट ज्यूंची घरं ओलांडून पुढे गेलं. ओलांडणे आणि वल्हांडणे हे एकमेकांचे भाऊबंदच. म्हणून सणाचं नाव वल्हांडण.

अखेर ‘निघा!’ असा हुकूम सुटला आणि लोक इतक्या घाईने निघाले, की मळलेली कणीक फुगायलासुद्धा वेळ मिळाला नाही. तशीच चपटी भाकर भाजून त्यांनी खाल्ली. त्या भाकरीची आठवण म्हणून हा सण.

हा सण निसान महिन्याच्या पौर्णिमेला येतो, म्हणजे बहुतेक वेळा आपल्या चैत्र पौर्णिमेच्या आसपास. त्यांचेही महिने चंद्रावर चालतात आणि आपल्या अधिक मासासारखा त्यांच्याकडेही मधूनमधून एक जास्तीचा महिना येतो. २०२५ मध्ये तर १२ एप्रिलला, हनुमान जयंतीच्याच दिवशी संध्याकाळी वल्हांडण सुरू झाला! ही हनुमानाची गोष्ट लक्षात ठेवा हं, पुढे तिचं काम पडणार आहे.

आता सणाची तयारी पाहू. आपल्याकडे दिवाळीला घर झाडतात, तसं इथेही घर लख्ख करतात. पण शोधायचं असतं ते आंबवलेलं अन्न. पावाचा चुरा, बिस्किटांचा भुगा, काहीही राहता कामा नये. सणाच्या आदल्या रात्री तर मोठी मौज असते. घरात मुद्दाम पावाचे दहा तुकडे लपवून ठेवायची पद्धत आहे. मग हातात मेणबत्ती आणि पीस घेऊन सगळं घर ते शोधत फिरतं. कपाटामागे, पलंगाखाली, खिशांत, दप्तरात! शोधायला मशाल घ्यायची नाही, लहानशी ज्योतच घ्यायची, असं त्यांच्या जुन्या गुरूंनी सांगून ठेवलं आहे. का बरं? कारण मशाल कोपऱ्यात शिरत नाही, छोटी ज्योत शिरते. जे सापडेल ते सकाळी जाळून टाकायचं. आणि नजरेतून जे सुटलं असेल तेही आता माझं नाही, ते मातीसमान आहे, असं म्हणून सोडून द्यायचं.

बेने इस्राएल लोकांनी तर या सणाला एक खास कोकणी नाव दिलं होतं, ‘अनाशी ढाकायचा सण’. ढाकायचा म्हणजे झाकायचा. स्वयंपाकघरात एक आंबट, पातळ तोंडीलावणं साठवलेलं असे. त्याचं भांडं सणाचे आठ दिवस झाकून ठेवत, म्हणून हे नाव. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला, त्यात अशी जुनी नावं जपून ठेवली आहेत. मुलांनो, शेकडो वर्षं कोकणातल्या या लोकांजवळ ना धर्मग्रंथ होते, ना शिकवायला गुरू. हिब्रू प्रार्थना ते बऱ्याचशा विसरले होते. पण भांडं झाकायचं तेवढं विसरले नाहीत! पुढे १९व्या शतकात कोचीनहून ज्यू गुरुजी आले, तेव्हा मोठमोठी माणसं त्यांच्याकडून प्रार्थना शिकली. मिशा पिकल्यावर पाटी हातात घ्यायला मन मोठं लागतं, बरं का!

आता येऊ या भाकरीकडे. तिला हिब्रूत ‘मात्सा’ म्हणतात. तिचा नियम मोठा कडक आहे. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भाजून झालीच पाहिजे. तिला टोचून टोचून भोकं पाडतात, म्हणजे भाजताना कुठे फुगा येत नाही. अठरा मिनिटं उलटली आणि कणीक तशीच पडून राहिली, तर ती आंबायला लागली असं धरतात.

आंबते म्हणजे काय होतं? पिठात आणि हवेत डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. यीस्ट हा त्यांतलाच एक. ते पिठातली साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. त्या वायूचे बुडबुडे चिकट कणकेत अडकतात आणि गोळा फुगतो. आपल्या नागपूरच्या एप्रिलमध्ये तर इडलीचं पीठ बघता बघता भांड्याबाहेर येतं, विचारा आईला!

आम्ही वर्गात हे करून पाहिलं. शंभर ग्रॅमचा कणकेचा गोळा घेतला, त्यात चिमूटभर यीस्ट घातलं आणि झाकून ठेवला. मधल्या सुट्टीनंतर पाहतो तर काय, गोळा दुप्पट! मी विचारलं, ‘आता वजन किती भरेल?’ निम्मा वर्ग ओरडला, ‘दोनशे ग्रॅम!’ तराजूत घातला. काटा शंभराच्या पुढे जायला तयारच नाही. सगळे गप्प झाले. मग शेवटच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, ‘म्हणजे बाई, तो मोठा झालाच नाही. नुसता मोठा दिसायला लागला.’

शाब्बास! मला जे सांगायचं होतं ते त्या आवाजाने चार शब्दांत सांगून टाकलं. ज्यूंच्या गुरूंनीही या सणातून हेच शिकवलं आहे. फुगलेली भाकर म्हणजे अहंकार आणि चपटी भाकर म्हणजे नम्रता. आपल्या मराठीला हे कुणी वेगळं शिकवायला नको. ‘पहिला नंबर काय आला, नुसता फुगलाय!’ असं आपण म्हणतोच की.

पण थांबा. इथे एक फार मोठी गोम आहे आणि तिच्यासाठीच मी आज हा सण निवडला.

मात्सा कशाची करायची, यालाही नियम आहे. ती गहू, जव अशा ठरावीक पाचच धान्यांची चालते. ही पाच धान्यं कोणती? तर जी भिजवून ठेवली की फुगतात ती! त्यांच्या जुन्या गुरूंनी नियमच घालून दिला, की जे धान्य आंबून फुगू शकतं, त्याचीच मात्सा होते. तांदळाची भाकर कितीही चपटी थापा, ती मात्सा म्हणून चालत नाही.

किती सुंदर आहे हे, पाहा! ज्याच्यात फुगायची ताकद आहे आणि तरी जो फुगत नाही, तोच नम्र. आता आठवा तो हनुमान. ज्याला डोंगर उचलता येतो, तोच रामापुढे हात जोडून उभा आहे. त्याची ताकद कमी झाली आहे का? मुळीच नाही. तुम्हाला गणित छान येतं, तुम्ही कबड्डीत सगळ्यांना भारी पडता, गाता, चित्रं काढता, तर तुमच्याकडे उत्तम गहू आहे. मग मात्सा करायची पाळी तुमचीच!

आता दुसरी बाजू. आमच्याच वर्गात एक मुलगी आहे. उत्तर तिला येतं, पण हात वर करत नाही. विचारलं की म्हणते, ‘मला काही येत नाही.’ ही नम्रता आहे का? नाही हो. हे तर स्वतःच्या गव्हाला भुसा म्हणणं झालं! आणि तिला असं म्हणायची सवय का लागली? एक हुशार मुलगा प्रत्येक प्रश्नाला सगळ्यांच्या आधी ओरडायचा आणि दुसरं कुणी चुकलं की खो खो हसायचा. एकाचा गोळा इतका फुगला, की शेजारच्या गोळ्याला परातीत जागाच उरली नाही. अहंकाराचं खरं नुकसान हे आहे, मुलांनो. फुगणाऱ्याला ते कळतही नाही. आता आम्ही नियम केला आहे. प्रश्न विचारला, की मनात दहा अंक मोजायचे आणि मग हात वर करायचा. गेल्या आठवड्यात तिसऱ्या प्रश्नाला तिचा हात वर आला. अगदी कानापर्यंतच, पण आला!

कुणी जबरदस्तीने दाबून चपटं केलं, तर त्यालाही नम्रता म्हणायचं नाही. मिसरमध्ये गुलाम वाकून चालत, ते चाबकाच्या भीतीने. ती लाचारी. म्हणूनच देवाने त्यांना आधी मोकळं केलं. आपल्या नागपुरातली दीक्षाभूमी तुम्ही पाहिली आहे ना? १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह तिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वाकायला लावलं होतं, ती माणसं त्या दिवशी ताठ मानेने उभी राहिली. तो अहंकार नव्हता, तो स्वाभिमान होता. ताठ उभं राहता येणारा माणूस जेव्हा आपणहून वाकतो, तेव्हा ती नम्रता. हा फरक नीट ध्यानात घ्या. पुढच्या आयुष्यात पदोपदी उपयोगी पडेल.

मोशेच पाहा ना. देवाने काम सांगितलं तेव्हा तो म्हणाला, की माझी तर जीभ जड आहे, मला धड बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांत तो जास्त नम्र होता, असं त्यांचा धर्मग्रंथ सांगतो. पण हाच मोशे फारोसमोर न डगमगता उभा राहिला! नम्र माणूस भित्रा नसतो. आणि गंमत पुढेच आहे. सणाच्या रात्री ही सगळी गोष्ट एका पुस्तकातून वाचतात. त्याला हगादा म्हणतात. मराठी अर्थासह हगादा १८४६ मध्ये मुंबईत छापला गेला आणि १८७४ मध्ये पुण्यात. पुण्याच्या हगादातल्या चित्रात आपल्यासारखी लुगडी नेसलेल्या बायका मात्सा करताना दिसतात! तर या पुस्तकात ज्याने सगळ्यांना सोडवून आणलं, त्या मोशेचं नाव जवळजवळ येतच नाही. नाटकाचा नायक पडद्यामागे!

त्या रात्री सगळं घर एकत्र जेवायला बसतं. बेने इस्राएलांच्या घरी मनुका भिजवून केलेलं गोड सरबत असतं, खजुराचं चाटण असतं, कडू पाला असतो आणि अश्रूंची आठवण म्हणून खारं पाणी. सुरुवात कोण करतं, ओळखा. आजोबा? नाही. घरातलं सगळ्यात धाकटं मूल! आज रोजच्यासारखं का नाही, असे प्रश्न ते विचारतं आणि मोठ्यांना उत्तरं द्यावी लागतात. मग मिसरवरच्या दहा संकटांची नावं घेतात आणि प्रत्येक नावाला पेल्यातला एकेक थेंब बाहेर टाकतात. का? तर शत्रू झाला तरी तो दुःखात होता, म्हणून आपल्या आनंदाचा पेला काठोकाठ भरलेला नको. जिंकल्यावरही न फुगण्याचा हा केवढा मोठा धडा! क्रिकेटच्या मॅचनंतर आठवेल ना?

शेवटी एक छोटीशी गोष्ट. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पोलंडमध्ये सिम्हा बुनिम नावाचे एक ज्यू गुरू होते. ते म्हणत, प्रत्येकाच्या अंगरख्याला दोन खिसे हवेत आणि प्रत्येक खिशात एकेक चिठ्ठी. एका चिठ्ठीवर लिहायचं, की मी धूळ आणि राख आहे. दुसरीवर लिहायचं, की हे सगळं जग माझ्यासाठीच निर्माण झालं आहे. शहाणपण कशात? तर कोणत्या वेळी कोणत्या खिशात हात घालायचा, हे ओळखण्यात! पहिला नंबर आला, पहिली चिठ्ठी. पेपर वाईट गेला, कुणी चिडवलं, रडू आलं, दुसरी चिठ्ठी. आपण मात्र बहुतेक वेळा नेमकं उलटं करतो!

आणि एक लक्षात आलं का? ज्यू लोक पाव कायमचा सोडत नाहीत. आठ दिवस संपले, की पाव पुन्हा घरात येतो. पाव काही वाईट नाही, तो चवदारच असतो. स्वतःबद्दल थोडा आनंद वाटणंही वाईट नाही. फक्त वर्षातून एकदा दिवा घेऊन बघायचं, की कुठल्या कोपऱ्यात किती साठलं आहे. आणि हो, शोध स्वतःच्या घरात घ्यायचा. मेणबत्ती घेऊन शेजाऱ्याच्या घरात शिरायचं नाही! ‘तो किती गर्विष्ठ आहे’ हे आपल्याला फार लवकर दिसतं. आपला कोपरा मात्र अंधारातच राहतो.

तर या आठवड्याचा उद्योग असा. कागदाच्या दोन चिठ्ठ्या करा आणि त्यांवर आपल्या शब्दांत दोन वाक्यं लिहा. एक फुगल्यावर वाचायला, एक खचल्यावर वाचायला. दप्तराच्या दोन कप्प्यांत ठेवा. आणि रोज वर्गातल्या एका तरी मुलाला आपल्या आधी बोलू द्या. मनात दहा मोजायचे, विसरू नका!

आई-बाबा, थोडं तुमच्यासाठीही. मुलांच्या पिठात यीस्ट बऱ्याचदा आपणच घालतो. गुणपत्रिका हातात आली, की पहिला प्रश्न असतो, ‘शेजारच्याला किती मिळाले?’ जास्त मिळाले तर आपलं लेकरू चपटं होतं आणि कमी मिळाले तर फुगतं. दोन्ही वेळा वजन मात्र तेवढंच राहतं. या वेळी फक्त एवढंच विचारून पाहा, ‘यंदा तुला नवीन काय आलं? आणि ते तू कुणाला शिकवलंस?’ रात्रीच्या जेवणाला एकदा सगळ्यात धाकट्याला प्रश्न विचारू द्या आणि उत्तर येत नसेल तर सरळ सांगा, ‘मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू.’ मुलं नम्रता पुस्तकातून कमी आणि ताटावरून जास्त शिकतात.

बरं तर, पुढच्या अंकात भेटू. तोवर तुमच्या चिठ्ठ्यांवर काय लिहिलंत ते मला जरूर कळवा. पण पहिली चिठ्ठी वाचायची वेळ आली होती का, तेही खरं खरं सांगायचं हं!